वाट न पाहणारा माणूस

हेमांगीच्या सासूबाईंना कुणी विचारलं, "सून काय करते हो तुमची?" तर त्या पदर सावरत सांगत, "मरणाच्या कॉलेजात जाते." ऐकणारा गप्प झाला की मग घाईनं पुढचं जोडत, "म्हणजे मेलेल्यांचं नाही, मागे राहिलेल्यांचं बघायचं. रडणाऱ्याला धीर द्यायचा. आमच्या वेळी हे काम शेजारणी फुकट करायच्या."

चेष्टा करत, पण परसदारी रोज बादलीभर पाणीही त्याच भरून ठेवत. हेमांगी अखेरच्या आजारातल्या माणसांजवळ बसून घरी आली की हातपाय आणि तोंड धुतल्याशिवाय तिनं दोन वर्षांच्या जुईला उचलायचं नाही, असा घरचा कायदा होता. उंबऱ्याआड अडवून धरलेली जुई आईकडे हात पसरून किंचाळत असायची. या धुण्याला पुस्तकात एक भारदस्त नाव होतं. नाव कळलं म्हणून पाणी काही कमी गार लागत नसे.

कराडच्या सांत्वन केंद्रातला तो वर्षभराचा अभ्यासक्रम होता. शेवटच्या दिवसांत श्वास कसा बदलतो, माणूस खाणं का सोडतो, 'सुटली बिचारी' हे वाक्य कुणापुढे कधीही का बोलायचं नाही, गप्प बसायचं तर किती वेळ, हे सगळं तिथं शिकवत. पहिल्याच आठवड्यात कोरगावकर मॅडमनी प्रत्येकाला विचारलं होतं, "तुम्ही उद्या नसलात तर पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येईल?" एका पोरीनं सांगितलं, "दूधवाल्याच्या. कालची पिशवी दाराला तशीच लटकलेली दिसेल ना." वर्ग हसला. हेमांगीनं जुईचं नाव सांगितलं, आणि घरी येऊन त्या पाण्याच्या बादलीजवळ उगाचच रडली.

वर्ष निम्मं सरलं आणि अभ्यासक्रम घरात शिरला. हेमांगीच्या थोरल्या बहिणीला, केतकीताईला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तो निघाला तेव्हाच पुढे गेलेला होता. ताईनं दवाखान्यात मरायला नकार दिला. तिच्या नवऱ्यानं, सुजय भाऊजींनी, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून बिनपगारी रजा घेतली आणि पुढच्या खोलीत तिची कॉट टाकली. हेमांगी रोज जाऊन बसे. ताई तिला म्हणायची, "हेमडे, तुझे मार्क माझ्यावर आहेत म्हणे. नीट मरते हं."

पुढे तिचा आवाज गेला. मग हाताशी स्टीलचा ग्लास आणि चमचा ठेवला. ताईनं चमचा वाजवला की भाऊजी हातातलं टाकून येत. पाणी हवं असेल, कूस बदलायची असेल, कधीकधी काहीच नको असेल, नुसतं तोंड बघायचं असेल.

ताई गेली त्या दिवसापासून घरात चूल पेटायची नव्हती. शेजारपाजारचे पिठलं-भात घेऊन येत, चहाचे थर्मास येत. कुणीतरी कपात साखर ढवळे, चमचा वाजे, आणि भाऊजी ताडकन उठत. दोन पावलं जात, थांबत, परत येऊन बसत. ढवळणाऱ्याला आपला हात तोडून टाकावासा वाटे. तिसऱ्या दिवशी आठ वर्षांच्या मनवानं, त्यांच्या मुलीनं, दुधात साखर ढवळली. भाऊजी धावत पुढच्या खोलीत गेले. कॉट काढून नेलेली होती. रिकाम्या फरशीकडे बघून ते वळले आणि पोरीवर ओरडले, "वाजवू नकोस गं."

त्यानंतर मनवा दूध बोटानं ढवळायला लागली.

त्याच दुपारी भाऊजी हेमांगीला बाजूला घेऊन म्हणाले, "हेमा, तुमच्या केंद्रात ती पट्टी देतात ना? उमज? मला दे. मला झेपत नाही हे. या पोरीला सांभाळायचंय."

उमज पट्टी येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मॅडमनी ती वर्गात समजावून दिली तेव्हा फळ्यावर एका दाराचं चित्र काढलं होतं.

"रोज संध्याकाळी घरी येणारं माणूस तुमच्या मेंदूत एखाद्या नकाशासारखं असतं," त्या म्हणाल्या होत्या. "ते कुठं आहे, कधी येईल, किती जवळचं आहे. दारात पाऊल वाजायच्या आधीच मेंदू तयार होतो, एक रसायन सोडतो. त्याचा अर्थ एवढाच की, येतंय. माणूस मरतं, नकाशा मरत नाही. जिना वाजला की मेंदू म्हणतो, आलं. मग कुणी येत नाही आणि त्याला एक लहानसा फटका बसतो. असे हजारो फटके बसल्यावर तो नकाशा बदलतो. या फटक्यांनाच आपण शोक म्हणतो. शोक म्हणजे मेंदूचं शिक्षण आहे, सगळ्यात महागडं."

पट्टी हे शिक्षण झोपेत उरकून टाकी. गेलेल्या माणसाचे घरात मुरलेले आवाज, म्हणजे बांगड्या, खोकला, किल्ल्यांचा जुडगा, घरच्यांच्या मोबाइलमधून गोळा करायचे. कपाळाला बांधलेली पट्टी गाढ झोपेत ते ऐकू येईल न येईल इतके हळू वाजवायची. मेंदू सवयीनं 'आलं' म्हणून मान वर काढायचा, आणि त्याच क्षणी पट्टीतून जाणारा बारीकसा प्रवाह ती मान खाली बसवायचा. एका रात्रीत शेकडो वेळा. आठवडाभरात वर्षाचा अभ्यास पुरा. ती लवकर बांधलेली बरी, ओल्या मातीत बी रुजतं तसं, असं केंद्रात म्हणत. फक्त जवळच्या नातलगाची किंवा समुपदेशकाची शिफारस लागे. हेमांगी दोन्ही होती. शिकाऊ असली तरी केंद्रात तिची शिफारस चाले.

तिनं ती दिली. आवाजांमध्ये पहिला आवाज ग्लासावर वाजणाऱ्या चमच्याचा होता.

दहाव्याला संगमाच्या घाटावर बरीच माणसं जमली. हल्ली बायका-मुलीही जातात, तशी हेमांगी गेली, मनवाही गेली. पिंड मांडून सगळे मागे सरले. कावळे कमी झाले होते. उन्हाळे वाढत गेले तसे ते डोंगराकडे सरकले, असं लोक म्हणत. गुरुजींनी मोबाइलवर कावकाव लावली. पिंपळावर एक कावळा येऊन बसला, पण खाली उतरेना.

"मोबाइलमधला त्याच्या भावकीतला नसंल," मागून कुणी म्हणालं, आणि दोघं-तिघं हसून लगेच गप्प झाले.

मग रीतीप्रमाणे एकेकानं पुढे होऊन बोलायला सुरुवात केली. गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखायचं आणि त्याला शब्द द्यायचा. बरोबर शब्द सापडला की कावळा शिवतो. हेमांगीचे अण्णा हात जोडून म्हणाले, "केतकी, पोरीला काही कमी पडू देणार नाही बाळ." कावळ्यानं मान वळवली. भाऊजींच्या बनूआत्या म्हणाल्या, "सुजयच्या जेवणाखाण्याचं मी बघते गं, तू जा आता." काही नाही. हेमांगी म्हणाली, "ताई, परीक्षा देते मी. सोडत नाही." कावळ्यानं पंख झटकले आणि तिथंच बसून राहिला.

मनवानं तिची ओढणी ओढली. "मावशी, मी पण सांगू?"

"सांग की."

पोर चपला काढून पुढे झाली. हात जोडले. ती तोंड उघडणार तेवढ्यात भाऊजी वाकले, गुरुजींच्या ताटातला दर्भाचा कावळा उचलला, पिंडाला टेकवला आणि म्हणाले, "झालं. ऊन वाढतंय, चला."

कावळा आलाच नाही तर दर्भाचा करून शिववतातच, त्यात गैर काही नव्हतं. फक्त तसं करायला माणसं दुपार करतात. गुरुजींची मात्र सोय झाली, मागे दुसरी मंडळी खोळंबली होती. बनूआत्या डोळे पुसत म्हणाल्या, "कसा घट्ट झालाय बघा माझा सुजय. पोरीपायी." हेमांगीलाही तसंच वाटलं. घरी जाऊन तिनं आपल्या निरीक्षणात लिहिलं, 'वास्तवाचा स्वीकार उत्तम.' लिहिताना तिला अभिमानसुद्धा वाटला.

मनवा चपला हातात घेऊन अनवाणीच गाडीपर्यंत आली होती, हे तिला दिसलं होतं. ते तिनं लिहिलं नाही.

भाऊजी खरोखर सावरले. तेराव्यानंतर कारखान्यात रुजू झाले. मनवाची वेणी घालायला शिकले, डब्यात रोज वेगळी भाजी देऊ लागले. दुखवट्याला येणाऱ्यांची पंचाईत व्हायची. तोंड पाडून आलेली माणसं ऊस, पाणी, भाव असल्या गप्पा मारून, चहा पिऊन जायची. जाताना 'येतो' म्हणायचं नाही ही रीत पाळायचीही आठवण राहत नसे, इतकं ते घर हसतंखेळतं वाटे.

हेमांगीला त्यांचा हेवा वाटायचा. तिचं तसं नव्हतं. मंडईत ताईच्या साडीसारखी साडी पाठमोरी दिसली की तिची पावलं आपोआप त्या बाईमागे जात. जुई अजून अंगावर पीत होती आणि पाजणाऱ्या आईला पट्टी देत नसत, नाहीतर आपणही कधीच बांधली असती, असं तिला वाटे. जुईला पाजता पाजता ती ताईचे जुने निरोप ऐके. 'हेमडे, येताना कोथिंबीर आण.' एवढंच असायचं. ते ऐकून ती हुंदके देई, आणि जुई दूध सोडून, आईचं तोंड बघून आपणही ओठ काढी.

शाळेची सहल उशिरा परतली त्या दिवशी हेमांगीच्या मनात पहिल्यांदा काही टोचलं. घाटात रस्ता बंद झाला होता. शाळेपुढे आईबापांची गर्दी, प्रत्येक जण फोनला चिकटलेला. भाऊजी त्या गर्दीत नव्हते. हेमांगीनं मनवाला गाडीवर बसवून घरी नेलं. भाऊजी जेवून, भांडी घासून, टीव्ही बघत बसले होते.

"अरे, आलीस? छान," ते म्हणाले आणि तिचं ताट वाढायला उठले. दमले असतील, असं हेमांगीनं स्वतःला सांगितलं.

मग एका रविवारी दुपारी ती डाळफळं घेऊन गेली. भाऊजी बैठकीच्या खोलीत शब्दकोडं सोडवत होते.

"मनवा कुठाय?"

"आहे आत."

मनवा आत तापानं फणफणली होती. डोळे लाल, केस कपाळाला चिकटलेले. उशाशी स्टीलचा ग्लास आडवा पडला होता आणि चमचा तिच्या मुठीत होता.

"मी वाजवला मावशी," ती म्हणाली. "खूप वेळ वाजवला. हाक मारली. मग उठायला गेले तर गरगरलं."

हेमांगी बाहेर आली. "भाऊजी, तिला ताप भरलाय. तिनं चमचा वाजवला, हाक मारली. आवाज आला नाही का?"

"आला की."

"मग?"

"मग काय?" त्यांनी मान वर करून विचारलं. त्या प्रश्नात राग नव्हता की खोटेपणा नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं की त्या आवाजाचं पुढे काही करायचं असतं.

आणि मग ते उठले. तापाचं औषध वजन बघून अचूक दिलं, घड्या ठेवल्या, मऊ भात करून भरवला, ताप उतरेपर्यंत हलले नाहीत. समोर असलेल्या माणसासाठी ते तसूभर कमी करत नव्हते. ते समोरून हललं की त्यांच्यापुरतं संपत होतं.

दुसऱ्या दिवशी हेमांगीनं मॅडमना गाठलं. सगळं सांगून झाल्यावर मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अशी मी आणखी चार घरं ऐकली आहेत," त्या म्हणाल्या. "मेंदूनं एवढंच शिकायचं होतं की, ती येणार नाही. काहींचा मेंदू त्याच्या पुढचं शिकतो. कुणीच येणार नाही. मग वाट बघायची यंत्रणाच तो बंद करून टाकतो."

"मग चाचण्यांत कसं आलं नाही?"

"चाचणीत काय विचारतो आपण? झोप लागते का, काम जमतं का, रडू येतं का. कुणाची वाट बघता का, हे कुणी विचारलंच नाही. आणि गंमत अशी आहे की याची तक्रार पेशंट करत नाही. तो मजेत असतो. तक्रार असते ती घरच्यांची. ती आपण ऐकतो आणि त्यांनाच शोक जास्त झालाय म्हणतो."

"परत येतं का ते?"

"शिकलेलं पुसता येत नाही. त्याच्यावर नवं शिकता येतं, बहुतेक. वाट बघावी लागेल, आणि वाट बघितल्यावर माणसाला यावं लागेल. पुन्हा पुन्हा. पण ज्याला वाट बघायची इच्छाच नाही, त्याला बसवणार कशी तू?"

हेमांगी घरी आली, पायांवर पाणी ओतलं, जुईला छातीशी घेतलं. पोर इतका वेळ रडून रडून दमली होती, तिच्या खांद्यावर डोकं टाकून उचक्या देत राहिली. आज हेमांगीला त्या उचक्यांचं बरं वाटलं.

पण गोष्ट तिथं थांबायची नव्हती. पंधरवड्यानं भाऊजीच तिच्याकडे आले.

"मनवाचं काहीतरी करायला हवं, हेमा. सारखी माझ्या समोर येऊन बसते. मी न्हाणीघरात गेलो तरी दाराबाहेर बसून बोलत राहते. शाळेत तर लक्षच नाही. त्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, आता मुलांसाठीही उमज आली आहे, आईच्या आवाजांवरून बांधून घ्या. मुलांना समुपदेशकाचीच शिफारस लागते, तुझी चालेल."

हेमांगीच्या हातात जुईची झबली होती. ती घडी घालायचं विसरली. मनवाला आजार नव्हता. आठ वर्षांच्या पोरीनं जे ओळखलं होतं ते केंद्रातल्या एकाही चाचणीला ओळखता आलं नव्हतं. समोर असेन तरच मी आहे, हे तिला कळलं होतं, म्हणून ती सारखी समोर राहत होती.

"मी देणार नाही," ती म्हणाली.

"का? तिला त्रास होतोय. मला झाला, गेला. तिचाही जाईल."

"घरात वाट बघणारं एक तरी माणूस राहू दे, भाऊजी."

"कशासाठी?"

त्यांनी ते टोचून विचारलं नव्हतं. कारखान्यात एखाद्या नमुन्याबद्दल विचारावं तसं विचारलं होतं. हेमांगीनं हातातली झबली खाली ठेवली.

"भाऊजी, चूक माझी आहे. मी तुमची शिफारस केली तेव्हा..."

"तू मला वाचवलंस," ते साधेपणानं म्हणाले. "आता तिला नको म्हणतेस. ठीक आहे. साताऱ्याला शिफारसच लागत नाही म्हणे. पुढच्या आठवड्यात नेऊन आणतो."

ते रागावले असते, भांडले असते, तर तिला बोलता आलं असतं. त्यांच्याशी भांडायला पलीकडे कुणी नव्हतंच. तिनं मग वेगळंच केलं.

"उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला माझ्याकडे ठेवा. रोज कामावरून येताना तिला भेटायला या. मात्र आत यायचं नाही. पायरीवर बसायचं, ती आपणहून बाहेर येईपर्यंत. मोबाइल माझ्याकडे द्यायचा. सुट्टी संपल्यावर तुम्हाला वाटलं की तिला पट्टी हवी, तर शिफारस मी स्वतः देईन. साताऱ्याला जायची गरज नाही."

"एवढंच ना?" भाऊजी म्हणाले. त्यांना नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

हेमांगी शब्द देऊन बसली. आपण पोर पणाला लावली, हे तिला तेव्हा समजलं.

पहिल्या संध्याकाळी भाऊजी पायरीवर टेकले न टेकले तोच मनवा बाहेर धावली. "बसले होते ना ते? गेले असते तर?" असं तिनं नंतर विचारलं. हेमांगीनं तिला समजावलं, लहान मुलीला समजावं तसं, पण खरं तेच. "बाबांचं वाट बघायचं दुखणं जरा जास्तच बरं झालंय. ते थोडं परत आणायचंय. तू रोज जराशी उशिरा जायचं. पण जायचं नक्की."

"आणि मधेच उठून गेले तर?"

"तर मी आहे."

"तू नको ना पण," मनवा म्हणाली. तुला दुखवायचं नाही, असा चेहरा करून.

सासूबाईंना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. "व्याह्यांचा जावई असा पायरीवर? चहा नाही, पाणी नाही. तुमच्या मरणाच्या कॉलेजात हे शिकवतात होय?" त्या खिडकीतून पाट सरकवून देत. भाऊजी पाटावर बसत. समोरच्या कडुनिंबाकडे बघत. जुई कधी बाहेर दुडुदुडु जाऊन त्यांच्या मांडीवर चढे. ते तिला खेळवत, ती आत गेली की पुन्हा कडुनिंब. दारामागे मनवा फटीला डोळा लावून उभी असे.

चौथ्या की पाचव्या दिवशी ते उठून गेले. मनवानं दार उघडलं तर पायरीवर नुसता पाट. मोबाइलसुद्धा हेमांगीकडेच राहिला होता. त्याचीही त्यांनी वाट पाहिली नव्हती. मनवा रडली नाही. पाट उचलून आत आणला, भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हणाली, "मावशी, मला लाव ती पट्टी. मग मलापण काही वाटणार नाही. मग आम्ही दोघं सारखे होऊ."

हेमांगीनं तिला कुशीत ओढलं. एका बाजूला जुई, एका बाजूला ही. धीराची जी वाक्यं पाठ होती त्यातलं एकही तिला काढावंसं वाटेना.

"घाटावर तू काय सांगणार होतीस गं आईला?" तिनं विचारलं.

मनवानं तिच्या दंडात तोंड लपवलं. आतूनच म्हणाली, "बाबांच्या मिठावर मी लक्ष ठेवीन, असं. बीपी आहे ना त्यांना. आई गेल्यापासून ते वरून मीठ घेतात."

दुसऱ्या दिवशी हेमांगी मोबाइल द्यायला कारखान्यावर गेली आणि फाटकातच भाऊजींना म्हणाली, "काल तुम्ही गेलात. मनवानं दार उघडलं तेव्हा तुम्ही नव्हता."

"ती आली नाही. मग मी गेलो."

"ती यायचीच होती."

भाऊजींनी कपाळाला आठी घातली. अवघड गणित समोर आल्यावर घालतात तशी. "यायचीच होती," ते पुटपुटले. "हे मला कसं कळणार?"

"तसं कळत नाही कुणालाच," हेमांगी म्हणाली. "बसायचं असतं. उरलेली सुट्टी या. शब्द दिलाय तुम्ही."

ते येत राहिले, कारण शब्द दिला होता. मनवा मात्र आता दाराकडे फिरकेना. हेमांगी तिला हाताला धरून बाहेर नेई, ती बापाशी दोन शब्द बोलून परत येई. असे बरेच दिवस गेले. शाळेची नवी पुस्तकं आली. सासूबाईंनी ती खाकी कागदाची कव्हरं घालून ठेवली, म्हणजे सुट्टी संपत आलीच होती. हेमांगीला जेवण जाईना. शिफारस देईन म्हणून आपण बोलून बसलोय, आणि भाऊजी तो शब्द मागायला विसरणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. समोर उभं राहून ते मागतील.

त्या संध्याकाळी वारं पडलं होतं. भाऊजी येऊन पाटावर बसले. जुई झोपली होती, सासूबाई शेजारी गेल्या होत्या. हेमांगी मनवाला उठवायला गेली, तर ती आधीच दाराशी उभी होती, फटीला डोळा लावून. हेमांगी तिच्यामागे गुडघ्यांवर बसली. भाऊजींची मान, कानामागे पिकू लागलेले केस, हातांच्या गुंफलेल्या बोटांवर फिरणारे अंगठे. ते कडुनिंबाकडे बघत होते. मग त्यांनी मान थोडी वळवली आणि दाराकडे पाहिलं. पुन्हा समोर पाहिलं. पुन्हा दाराकडे.

"हेमा," बाहेरून आवाज आला, "मनवा काय करतेय आत?"

हेमांगीचा हात आपोआप कडीवर गेला. ताई गेल्यापासून या माणसानं समोर नसलेल्या कुणाबद्दलही काही विचारलेलं तिनं ऐकलं नव्हतं. तेवढ्यात मनवानं तिचं मनगट धरलं. लहानशी मूठ, पण पक्की.

"थांब मावशी," ती कुजबुजली. "बघू दे त्यांना थोडी वाट."

"जातील गं ते."

मनवाची मूठ सुटली नाही. बाहेर चपला फरशीवर घासल्या. ते उठले होते की नुसते सरकून बसले होते, ते आतून कळेना. पोरीचं काळीज हेमांगीला तिच्या पाठीवर ठेवलेल्या तळव्याखाली धडधडताना लागत होतं. तिनं कडीवरचा हात काढून घेतला.

बराच वेळ काही वाजलं नाही.

मग अगदी दाराजवळून, हळू, जरा घोगऱ्या आवाजात हाक आली. "मनू?"

मनवानं लगेच ओ दिली नाही.